मराठीतून संशोधन, जर्नल आणि डिजिटल प्रकाशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून मी वर्षानुवर्षं साधारण याच प्रश्नांची उत्तरं देत आले आहे. पीएचडीचे विद्यार्थी विचारतात, कॅसची (पदोन्नतीच्या योजनेची) फाइल लावायला घेतलेले प्राध्यापक विचारतात, आणि पदरमोड करून त्रैमासिक चालवणारे संपादक रात्री उशिरा फोन करून विचारतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळावं असं लिहिलंय. जिथे एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. नियमांबद्दल जे लिहिलंय ते यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) पातळीवरचं आहे. तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक काही वेगळं सांगत असेल, तर आधी ते वाचा.

१. ऑनलाइन जर्नलमधला पेपर छापील अंकातल्या पेपरइतकाच धरतात का?

हो. कागद की पडदा यावरून पेपरचं मोल ठरत नाही. तो तज्ज्ञांनी तपासला आहे का, म्हणजेच पिअर रिव्ह्यू झाला आहे का, यावरून ठरतं.

लंडनच्या रॉयल सोसायटीचं जर्नल १६६५ साली निघालं. तेव्हापासून संशोधनपत्रिकेकडे चार कामं आली : हा शोध अमुक तारखेला अमुक माणसाने मांडला याची नोंद ठेवणं, तो तपासून घेणं, लोकांपर्यंत पोहोचवणं आणि पुढच्या पिढ्यांसाठी जपणं. साडेतीनशे वर्षं ही चारही कामं एकाच अंकात होत होती. आता ती सुटी झाली आहेत. तारखेची नोंद प्रीप्रिंट करतं (प्र. ९), पोहोचवण्याचं काम शोधयंत्र करतं (प्र. १२), आणि जपण्याचं काम कोणाचं हे बऱ्याचदा कोणीच ठरवलेलं नसतं (प्र. १९).

२. आयएसएसएन, आयएसबीएन, डीओआय, ऑर्किड हे आकडे नक्की कशाचे?

आयएसएसएन हा नियतकालिकाचा ८ अंकी क्रमांक. छापील आवृत्तीचा वेगळा, ऑनलाइन आवृत्तीचा वेगळा. भारतात तो दिल्लीच्या सीएसआयआर-निस्पर या संस्थेतून मिळतो. आयएसबीएन हा पुस्तकाचा १३ अंकी क्रमांक. तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय यंत्रणेकडून मिळतो. दोन्ही विनामूल्य मिळतात, त्यामुळे ‘आयएसबीएनचा चार्ज’ म्हणून कोणी वेगळी रक्कम मागितली तर ती कशाची, ते विचारा.

डीओआय हा एकेका लेखाचा कायमचा पत्ता. तो १० या आकड्याने सुरू होतो. जर्नलची वेबसाइट बदलली तरी प्रकाशकाने नवा पत्ता नोंदवला की जुना दुवा चालू राहतो. ऑर्किड हा संशोधकाचा १६ अंकी क्रमांक. २०१२ पासून तो कोणालाही फुकट काढता येतो. मराठी माणसाने तो काढायलाच हवा, कारण एकच कुलकर्णी रोमन लिपीत तीन प्रकारे लिहिले जातात, कधी वडिलांच्या नावासह, कधी नुसत्या आद्याक्षरांनी. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईचे पेपर तर यंत्राच्या लेखी दोन वेगळ्या माणसांचे होतात. ऑर्किडमुळे ते सगळे एका नावाखाली येतात.

आणि एक गोष्ट मला रोज सांगावी लागते : आयएसएसएन किंवा आयएसबीएन असणं म्हणजे दर्जाची पावती नव्हे. गाडीला नंबरप्लेट असते तशी ही नोंद आहे. गाडी कशी चालते ते त्यावरून कळत नाही.

३. यूजीसी-केअर यादी बंद झाली ना? मग आता पेपर कुठे छापायचा?

फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने मान्य जर्नलांची ही यादी बंद केल्याचं जाहीर केलं. यादीचं काम पुण्यातून, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षातून चालत असे. आता यादीऐवजी जर्नल पारखण्यासाठी सूचक निकष दिले आहेत आणि पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आली आहे.

म्हणून पेपर पाठवण्याआधी तीन गोष्टी करा. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची यादी किंवा समिती आहे का, ते लेखी विचारा. तोंडी ‘चालेल’वर विसंबू नका. जर्नलच्या संपादक मंडळातल्या दोघांची नावं त्यांच्या संस्थेच्या वेबसाइटवर सापडतात का ते पाहा. आणि त्याच जर्नलमधले तुमच्या विषयाचे दोन जुने लेख मन लावून वाचा. तिसरी गोष्ट सहसा कोणी करत नाही, पण सगळ्यात जास्त तीच सांगते.

यादी चालू असताना छापलेल्या पेपरबद्दल : प्रकाशनाच्या तारखेला जर्नल यादीत होतं याचा पुरावा, म्हणजे त्या पानाची तारखेसह छापील प्रत, जपून ठेवा. कॅसची मुलाखत कितीही वर्षांनी होऊ शकते.

४. ‘३ दिवसांत प्रकाशन, पिअर रिव्ह्यूड, आंतरराष्ट्रीय’ असा व्हॉट्सॲपवर मेसेज आला आहे. पाठवू का?

नका पाठवू. तीन दिवसांत तपासणी होत नाही. तज्ज्ञाने लेख वाचायचा, शेरे द्यायचे, तुम्ही दुरुस्त्या करायच्या, पुन्हा पाठवायचं, याला महिने लागतात. जिथे मराठी साहित्य, मृदाशास्त्र आणि बँकिंग एकाच अंकात छापलं जातं, तिथे तपासणारा कोण असेल?

अशा जर्नलांना प्रिडेटरी म्हणजे लुबाडणारी जर्नलं म्हणतात. ती उघडी पाडण्याचं मोठं काम जेफ्री बील या अमेरिकेतल्या ग्रंथपालाने केलं. त्यांची यादी जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवरून काढून घेतली गेली, तरी हा विषय जगासमोर आला तो त्यांच्यामुळेच. आपल्याकडे हा धंदा फोफावला त्याचं कारण आपल्याच नियमांत आहे. पदोन्नतीसाठी पेपरची संख्या मोजायची, आणि आठवड्याला वीस तास शिकवणाऱ्या माणसाला संशोधनासाठी सवड मात्र द्यायची नाही, असं केल्यावर पेपर विकणारा दारात येणारच. अडचणीत आलेल्या शिक्षकाला मी दोष देत नाही, पण पैसे भरून छापलेला असा पेपर पुढे त्याच्याच गळ्यात येतो.

पेपर आधीच पाठवला असेल तर प्र. ५ चा शेवट पाहा.

५. जर्नल जुनं, नामांकित, छापील आहे. पण त्यांच्या वेबसाइटवर ऑनलाइन पैसे मागतायत. खरं असेल ना?

हा प्रकार वेगळा आणि जास्त धोक्याचा. याला क्लोन जर्नल म्हणतात. एखादी जुनी संस्था वर्षानुवर्षं छापील त्रैमासिक काढत असते. तिची वेबसाइट नसते, किंवा असलीच तर जुनाट असते. कोणीतरी त्याच नावाची, त्याच आयएसएसएनची चकचकीत वेबसाइट उभारतो आणि लेख व पैसे घेऊ लागतो. मूळ संपादकांना पत्ताही नसतो. केअर यादीतल्या भारतीय भाषांतल्या आणि मानव्यविद्यांच्या छापील जर्नलांबाबत हे इतक्या वेळा घडलं, की यूजीसी-केअरला क्लोन जर्नलांची यादी वेगळी लावावी लागली होती.

ओळखायचं कसं? आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय पोर्टलवर क्रमांक टाकून प्रकाशकाचं नाव आणि माध्यम पाहा. नोंद ‘छापील’ असेल आणि समोर फक्त ऑनलाइन अंक असेल, तर थांबा. मग ग्रंथालयात जाऊन खरा छापील अंक उघडा, त्यातल्या पत्त्यावर पत्र लिहा किंवा तिथल्या नंबरवर फोन करा. वेबसाइटवरच्या नंबरवर नको.

पैसे भरून झाले असतील आणि लेख अजून छापला नसेल, तर लेख मागे घेत असल्याचा ईमेल लगेच पाठवा आणि त्याची प्रत ठेवा. कॉपीराइटच्या फॉर्मवर सही केली नसेल तर करू नका. गेलेले पैसे बहुतेक परत येत नाहीत, पण लेख वाचू शकतो.

६. जर्नलवर ‘इम्पॅक्ट फॅक्टर ७.८’ लिहिलंय. म्हणजे चांगलंच असणार?

जर्नलमधले लेख सरासरी किती वेळा उद्धृत झाले, त्याचा हा आकडा. तो कोणी काढला ते पाहा. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणून जो मानला जातो तो क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी काढते. एरवी कोणीही ‘ग्लोबल’, ‘सायंटिफिक’ अशी विशेषणं लावून आपापले फॅक्टर विकतं. मराठीतल्या कुठल्याही संशोधनपत्रिकेवर असा मोठा आकडा दिसला तर माझा विश्वास वाढत नाही, कमी होतो.

खरा आकडासुद्धा जर्नलचा असतो, तुमच्या लेखाचा नव्हे. लेखाची पारख जर्नलच्या आकड्यावरून करू नये, हे जगभरच्या संशोधकांनी २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात सांगितलं आहे.

७. ओपन ॲक्सेस म्हणजे लेखकाने पैसे भरायचे, हे बरोबर आहे का?

नाही. ओपन ॲक्सेस म्हणजे वाचकाने पैसे न भरता वाचायचं. २००२ च्या बुडापेस्ट घोषणापत्रापासून हा शब्द रूढ झाला. खर्च कोणी सोसायचा, हा वेगळा प्रश्न आहे.

काही जर्नलं तो लेखकाकडून घेतात. ‘नेचर’ने २०२० च्या अखेरीस एका लेखाचं शुल्क ९,५०० युरो जाहीर केलं. आपल्याकडच्या महाविद्यालयातल्या माणसाने त्या आकड्याकडे पाहूनच पान बंद करावं. दुसऱ्या प्रकारात वाचकालाही शुल्क नाही आणि लेखकालाही नाही. खर्च संस्था उचलते. याला हल्ली डायमंड म्हणतात. बेंगळुरूच्या इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसची जर्नलं पाहा, जुने अंक सहज वाचता येतात. आणि खरं सांगायचं तर आपली मराठी संशोधनपत्रिकांची परंपराही लेखकाकडून पैसे न घेणारीच. भारत इतिहास संशोधक मंडळासारखी संस्था १९१० पासून उभी राहिली ती वर्गणी, देणगी आणि माणसांच्या चिकाटीवर. लेखकाला पानामागे दर सांगायची रीत आपल्याकडे अलीकडची आहे आणि ती आपण स्वीकारू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

८. हवा असलेला लेख उघडायला ३०-४० डॉलर मागतायत. काय करू?

पैसे भरू नका. आधी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही जर्नलांच्या वर्गणीची सरकारी योजना पाहा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० ई-जर्नलं आणि ६,३०० हून अधिक संस्था, असा तिचा आवाका आहे. काम इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राकडे आहे. ती केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या उच्चशिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. तुमचं महाविद्यालय त्यात आहे का, हे पोर्टलवर पाहा किंवा ग्रंथपालांना विचारा. तालुक्याच्या शासकीय महाविद्यालयातली मुलगी आता आयआयटीतल्या मुलाला दिसणारंच जर्नल उघडू शकते, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्या दिवशी मला खरोखर भरून आलं.

संस्था योजनेत नसेल, तर गूगल स्कॉलरवर लेखाच्या खाली ‘सर्व आवृत्त्या’ उघडा. लेखकाने ठेवलेली मोफत प्रत बरेचदा तिथे असते. ब्राउजरमध्ये अनपेवॉल हे मोफत प्रत शोधून देणारं साधन बसवा. वैद्यकशास्त्राचा लेख असेल तर पबमेड सेंट्रल पाहा. आणि सरळ लेखकाला दोन ओळींचा ईमेल करा. आपला लेख कोणाला वाचायचाय याचा आनंद सगळ्यांना होतो. माझ्या विद्यार्थ्यांना अशी उत्तरं दुसऱ्या दिवशी आली आहेत.

सायहब या सशुल्क लेख परवानगीशिवाय फुकट देणाऱ्या साइटबद्दल हमखास विचारलं जातं. एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात खटला घातला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ती साइट भारतात बंद करण्याचा आदेश दिला. ती वापरा असं मी कोणाला सांगत नाही. पण सार्वजनिक पैशातून झालेलं संशोधन वाचायला लोकांना तिथे जावं लागलं, याची खंत मात्र आहे.

९. प्रीप्रिंट टाकलं तर पुढे जर्नल लेख नाकारेल का?

विज्ञानातली बहुतेक जर्नलं नाकारत नाहीत. प्रीप्रिंट म्हणजे तपासणीआधीचा लेख सर्वांसमोर ठेवणं. पॉल गिन्स्पार्ग यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये लॉस अलामॉस इथे ज्याची सुरुवात केली ते अर्काइव्ह (arXiv) हे प्रीप्रिंटचं भांडार पुढे कॉर्नेल विद्यापीठाकडे गेलं आणि भौतिकशास्त्र-गणिताचे लोक सकाळी उठून आधी तेच पाहतात. गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमन यांनी गणितातल्या प्रसिद्ध प्वांकारे अटकळीची सिद्धता २००२-०३ मध्ये तिथेच ठेवली, जर्नलला पाठवलीच नाही. जीवशास्त्रासाठी २०१३ पासून बायोअर्काइव्ह आहे.

मानव्यविद्यांत मात्र जर्नलचं धोरण आधी वाचा. काही ठिकाणी ‘पूर्वप्रकाशित’ धरतात. आणि प्रीप्रिंटला पेपर म्हणून गुण मिळत नाहीत. तपासणी झालेली नसते, म्हणून दुसऱ्याचं प्रीप्रिंट उद्धृत करताना तसं स्पष्ट लिहा.

१०. पीएचडीला पेपर सक्तीचा आहे का? आणि प्रबंध शोधगंगेवर गेल्यावर पुस्तक काढता येतं का?

यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापण्याची सक्ती नाही. २०१६ च्या नियमावलीत ती होती. विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं, त्यामुळे तुमचा अध्यादेश पाहा.

शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, प्रबंध गेला तरी कॉपीराइट तुमचाच राहतो. पुस्तक काढता येतं. प्रबंध जसाच्या तसा पुस्तक म्हणून वाचवत नाही, त्यामुळे तो नव्याने लिहावाच लागतो. पेटंट किंवा प्रकाशन-करारासाठी काही काळ प्रबंध बंद ठेवायचा असेल तर विद्यापीठाकडे अर्ज आधी करा, अपलोड झाल्यावर नव्हे.

११. गाइडचं नाव पेपरवर टाकावंच लागतं का? गुण कसे वाटले जातात?

काम केलं असेल तर टाका. फक्त पद आहे म्हणून नको. २०१८ च्या यूजीसी नियमावलीत पिअर रिव्ह्यू झालेल्या पेपरला भाषा आणि सामाजिक शास्त्रांत १० आणि विज्ञानात ८ गुण धरले आहेत. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. दोनांपेक्षा जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. कोण मुख्य, हे लेख पाठवण्याआधी लिहून ठेवा. या एका गोष्टीवरून तुटलेली नाती मी पाहिली आहेत.

१२. माझा मराठी लेख पीडीएफमध्ये वेबसाइटवर आहे. तरी गूगलवर का सापडत नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा हा प्रश्न, आणि मला सगळ्यात जवळचाही.

बहुतेक वेळा कारण फॉन्ट असतं. श्री-लिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी या जुन्या फॉन्टांत ‘क’ हे अक्षर साठवलेलंच नसतं. संगणकाने आत रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं आणि फॉन्ट त्याला देवनागरीचा पोशाख घालतो. आपल्याला पडद्यावर ‘तुकाराम’ दिसतं. गूगलला मात्र आतलं निरर्थक इंग्रजी दिसतं. खात्री करायची असेल तर पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. मराठी उमटलं तर तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत आहे. भलतीच चिन्हं उमटली, तर तो लेख शोधयंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. अनेक प्रबंध शोधगंगेवर असूनही याच कारणाने सापडत नाहीत, किंवा ते नुसती पानांची छायाचित्रं असतात म्हणून.

युनिकोडमध्येही खाचाखोचा आहेत. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो : स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन, किंवा ‘र’ला हलन्त देऊन मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण संगणकाला वेगळे. ‘ॲ’चंही तसंच, त्याचं स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी ‘अ’वर चंद्र जोडून काम भागवत. म्हणून एका अंकात एकच पद्धत ठेवा आणि शीर्षकात असा शब्द असेल तर जास्त काळजी घ्या.

तिसरं कारण माहितीचा अभाव. संपूर्ण अंकाची एकच पीडीएफ, तिचं नाव ‘अंतिम_नवीन_२’, आत लेखकाचं नाव फक्त अनुक्रमणिकेत. गूगल स्कॉलरला प्रत्येक लेखासाठी वेगळं पान लागतं, त्यावर शीर्षक, लेखक, वर्ष, अंक आणि पानं लागतात. मराठीच्या जोडीला शीर्षक आणि सारांश इंग्रजीतही द्या. परदेशात महाराष्ट्राचा इतिहास शिकणारा विद्यार्थी तिथूनच तुमच्यापर्यंत पोहोचतो.

१३. आमच्या त्रैमासिकाचे जुने अंक पेजमेकरच्या फाइलींत आहेत. युनिकोडमध्ये आणता येतील का?

पेजमेकर या डीटीपीच्या जुन्या सॉफ्टवेअरची फाइल उघडत असेल आणि फॉन्टचं नाव माहीत असेल तर येतील. प्रत्येक जुन्या फॉन्टसाठी रूपांतर करणारी साधनं मिळतात. रूपांतरानंतर एक माणूस बसवून वाचावंच लागतं, कारण जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जायची आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. वेलांटी आणि रफार हमखास भलत्या अक्षरावर जाऊन बसतात.

एका संपादकांनी मला एकदा सीडींचा डबा आणून दिला होता. पंधरा वर्षांचे अंक त्यात होते. निम्म्या सीडी वाचल्याच गेल्या नाहीत, उरलेल्यांचा फॉन्ट कोणता ते कोणालाच आठवेना, आणि ज्यांनी डीटीपी केलं होतं त्यांनी ते काम केव्हाच सोडलं होतं. शेवटी कपाटातले छापील अंक काढून आम्ही ते स्कॅन केले. कागदाने वाचवलं.

स्कॅन करताना निदान ३०० डीपीआय ठेवा आणि मूळ प्रतिमा वेगळी जपा. प्रतिमेतली अक्षरं वाचून मजकूर करणारं टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी ओळखतं, गूगल ड्राइव्हही ओळखतं. मजकूर शंभर टक्के बरोबर येत नाही, शोधण्यापुरता येतो. हक्कांचं काय, ते प्र. १७ मध्ये आहे.

१४. मराठी प्रबंधाचा प्लेजरिझम रिपोर्ट २ टक्के आला. म्हणजे निर्धास्त?

नाही. सॉफ्टवेअर फक्त त्याच्या साठ्यात असलेल्या मजकुराशी ताडून पाहतं. मराठीतली बहुसंख्य पुस्तकं त्या साठ्यात नाहीत, आणि जुन्या फॉन्टमधली फाइल दिली तर रिपोर्टला काहीच अर्थ नाही. इंग्रजी लेखाचा नाव न देता केलेला अनुवाद यंत्राला सापडत नाही. तरी ती चोरीच आहे, आणि मौखिक परीक्षेत जाणकार परीक्षक ती ओळखतो.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य किरकोळ धरतात. १० ते ४० असेल तर दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा सादर करायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणी रद्द होते.

उलट तक्रारही येते : संतसाहित्यावर प्रबंध आहे, ओव्या-अभंगांमुळे टक्केवारी फुगली. नाव देऊन केलेली उद्धृतं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, तसंच सलग १४ शब्दांपर्यंतचं सामान्य साम्य नियमानुसार वगळायचं असतं. ग्रंथपालांना ते वगळून रिपोर्ट काढायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.

१५. एआयकडून लेख लिहून घेतला तर चालतो का?

एआय लेखक होऊ शकत नाही. प्रकाशन-नीतीची कोप ही संस्था आणि मोठी जर्नलं यांनी २०२३ मध्येच हे स्पष्ट केलं. जबाबदारी घेऊ शकतो तो लेखक. भाषा सुधारायला वापरलं असेल तर तसं नमूद करा. जर्नलचं धोरण काय ते आधी वाचा.

मराठीपुरती एक वेगळी काळजी घ्यावी लागते. ही यंत्रं संदर्भ रचतात. खऱ्या मराठी अभ्यासकाचं नाव, खऱ्यासारखं वाटणारं पुस्तक, वर्ष आणि प्रकाशकसुद्धा. आणि ते पुस्तक कधी लिहिलंच गेलेलं नसतं. इंग्रजीत असं पडताळायला साधनं आहेत, मराठीत पुष्कळदा ग्रंथालयाची कार्डं चाळावी लागतात. जे पुस्तक हातात धरलं नाही, ते संदर्भसूचीत घालू नका.

१६. आमचं छोटं त्रैमासिक ऑनलाइन करायचंय. किमान काय लागतं?

ओपन जर्नल सिस्टिम्स हे सॉफ्टवेअर मोफत आहे. लेख मागवणं, परीक्षकांकडे पाठवणं, अंक प्रसिद्ध करणं, सगळं त्यात होतं. सर्व्हरची जागा आणि आठवड्यातून काही तास देणारा एक तरुण हात लागतो. तो तुमच्या जवळच्या महाविद्यालयात सापडतो.

डीओआयसाठी त्यांची नोंदणी करणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेचं सभासदत्व घ्यावं लागतं. त्याची वार्षिक फी डॉलरमध्ये आणि शिवाय लेखामागे शुल्क. ते झेपत नसेल तर झेनोडो वापरा. युरोपच्या सर्न प्रयोगशाळेने २०१३ मध्ये सुरू केलेलं हे भांडार कोणालाही फुकट डीओआय देतं. डीओएजे या ओपन ॲक्सेस जर्नलांच्या निर्देशिकेत नोंद व्हावी यासाठी अर्ज करा. त्याचेही पैसे लागत नाहीत. ऑनलाइन आवृत्तीचा वेगळा आयएसएसएन घ्या (प्र. २).

छापील अंक लगेच बंद करू नका. जुने वर्गणीदार तुटतात, आणि प्र. १३ मध्ये सांगितलेला डबा विसरू नका.

१७. जुने अंक इंटरनेटवर टाकायला लेखकांची परवानगी लागते का?

बहुतेक वेळा लागते. लेखकाने लेख दिला तो छापण्यासाठी दिला. हक्क लिहून दिलेले नसतील तर ते लेखकाकडेच राहतात. लिहून दिले असतील आणि मुदत घातलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनुसार, करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं त्याला तो करार लागू होत नाही. १९७५ च्या अंकातल्या लेखकाने इंटरनेटचा हक्क दिला होता असं म्हणता येत नाही.

लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, त्यांच्यासाठी २०३० उजाडावं लागेल. अपवाद लक्षात ठेवा : टोपणनावाने लिहिलेल्या लेखाची मुदत प्रसिद्धीपासून मोजतात, मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्याचीही, आणि मूळ लेखन मुक्त असलं तरी अनुवादकाचा हक्क वेगळा.

वारस सापडत नसतील तर अनुक्रमणिका आणि सारांश तरी ऑनलाइन टाका. त्याला कोणाची हरकत नसते, आणि संशोधकाचं निम्मं काम त्यातच होतं. वारस सापडले की ते बहुधा आनंदाने होकार देतात. मी लिहिलेल्या पत्रांना नकार क्वचितच आला आहे.

१८. मी ज्याचा आधार घेतला तो पेपर मागे घेतला गेला. माझ्या पेपरचं काय?

तुमचा पेपर आपोआप रद्द होत नाही. मागे घेतलेल्या निष्कर्षावर तुमचं मुख्य म्हणणं उभं आहे का, ते तपासा. उभं असेल तर संपादकाला कळवा आणि दुरुस्ती छापा. ओझरता उल्लेख असेल तर पुढच्या लेखनात टाळा. हे आता नित्याचं झालं आहे : २०२३ या एका वर्षात जगभरात १०,००० हून अधिक पेपर मागे घेतले गेले, त्यांतले बहुसंख्य हिंदावी या एकाच प्रकाशनाच्या जर्नलांमधले. रिट्रॅक्शन वॉचची मागे घेतलेल्या पेपरांची नोंदवही क्रॉसरेफने त्याच वर्षी सर्वांसाठी खुली केली. प्रबंध सादर करण्याआधी संदर्भसूचीतले डीओआय तिच्यात एकदा पाहून घ्या.

१९. ज्या ऑनलाइन जर्नलमध्ये माझा पेपर होता ती वेबसाइटच बंद पडली. आता पुरावा काय दाखवू?

आधी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशिनमध्ये जुना पत्ता टाकून पाहा. पान साठवलेलं असलं तर तारखेसह मिळतं. डीओआय असेल तर क्रॉसरेफच्या नोंदीत शीर्षक, लेखक आणि वर्ष अजून दिसेल. लेख स्वीकारल्याचा ईमेल आणि अंकाची पीडीएफ शोधा. एवढं जोडून विभागप्रमुखांकडून साक्षांकित करून घ्या.

वेबसाइट अजून चालू असेल तर आजच तीन गोष्टी करा. लेखाचं पान वेबॅक मशिनमध्ये स्वतः साठवा. ‘सेव्ह पेज’ दाबलं की होतं. जर्नलची परवानगी असेल तर लेखाची प्रत झेनोडोवर किंवा महाविद्यालयाच्या भांडारात ठेवा. आणि मुखपृष्ठ, अनुक्रमणिका व पूर्ण लेख छापून, बांधून एक प्रत ग्रंथालयात द्या. आमच्याकडे त्यासाठी वेगळा कप्पा केला आहे, तुमच्या ग्रंथपालांनाही करायला सांगा.